न झालेली चोरी

माझा भाऊ वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कोणालाही तसं वाटेल. वाईट असता तर सोपं झालं असतं. वाईट माणसाच्या हातात आपण कारखान्याची किल्ली देत नाही आणि त्याच्या भरवशावर शपथाही घेत नाही.

कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. रस्त्याला लागून एक लांबट खोली, मागे पत्र्याची शेड, दोन शिलाई मशिनं आणि जिकडे बघावं तिकडे पोट उघडून पडलेले सोफे. आमचे बाबा सोफे-खुर्च्या भरून द्यायचे, त्यांच्यामागे मी भरते. दादा त्या वाटेला गेला नाही. तो कचेरीत नोकरीला लागला, निवृत्त झाला, आणि घरात बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागला. साखरेच्या डब्यावर ‘साखर’. तेव्हा वहिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, वन्सं, ह्यांना कुठेतरी गुंतवा, नाहीतर मी माहेरी जाते. या वयात ती कुठलं माहेर शोधणार होती कोण जाणे, पण मी दादाला बोलावून घेतलं.

त्याच सुमारास पोरं यायला लागली होती. पहिली दोन जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने पाठवली, शाळेने हात टेकले म्हणून. त्यांनी मग आपले मित्र आणले. कोणी मारामारीत सापडलेलं, कोणी मोबाइल उडवताना, कोणी नुसतंच कोपऱ्यावर उभं राहून आपल्याला कोण कुठलं काम सांगतंय याची वाट बघणारं. मी त्यांना जुने सोफे उसवायला बसवायची. एक सोफा उसवायचा म्हणजे ढीगभर खिळे उपटावे लागतात, आणि तेवढे उपटून झाले की माणसाच्या अंगात भांडायला जोर राहत नाही. शिक्षणशास्त्राचा माझा अभ्यास एवढाच.

पैशाचं मात्र मला जमलं नसतं. शहरात एक निधी आहे. तरुण पोरं गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून वस्त्यांमध्ये जे कोणी काही करत असतील त्यांना तो मदत देतो. तो दादाने शोधून काढला, त्याच्यासाठी चपला झिजवल्या आणि मिळवला. त्यातून पोरांचा हातखर्च निघायचा, शेडचं भाडं निघायचं. निधी नसता तर मी एखाद-दुसरं पोर सांभाळलं असतं आणि बाकीची परत कोपऱ्यावर गेली असती. हे श्रेय दादाचंच आहे, ते मी त्याच्याकडून काढून घेणार नाही.

फक्त त्या निधीच्या समितीचा एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असायचा, की परिणाम काय? समितीवर एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, त्या अध्यक्ष. शिवाय एक व्यापारी आणि एक पोलीस इन्स्पेक्टर. फुटबॉल शिकवणारा कोच यायचा तो कप घेऊन. नाटकवाले पोरांकडून छोटंसं नाटक करून घ्यायचे आणि समितीला रडवायचे. आमच्याकडे सोफे. एकदा अध्यक्षबाईंनी मला सरळ विचारलं की तुमच्यामुळे गुन्हे कमी झाले हे कशावरून. मी म्हटलं, बाई, न झालेली चोरी मी कुठून आणून दाखवू? या महिन्यात आमच्या पोरांनी एकही दुकान फोडलं नाही, असं लिहून देऊ का? इन्स्पेक्टर हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, तुझ्या जिभेला हाड नाही, आणि पुढच्या वेळेपासून बैठकांना तो एकटाच जायला लागला.

यंदा निधीत पैसे कमी होते आणि मागणारे जास्त. कोणाचं तरी काम बंद पडणार हे उघड होतं, आणि ते आमचंच असेल या धास्तीने दादा वाळत चालला होता.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. सोफ्यावर कापड चढवायचं तर एकट्याचं काम नाही. एकाने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. दोघांच्या माना खाली, हात अडकलेले. एकमेकांच्या तोंडाकडे बघता येत नाही आणि मध्येच उठून जाताही येत नाही. अशा वेळी माणूस बोलतो. समोर बसवून विचारलं तर जे मेला तरी सांगणार नाही, ते कापड धरल्यावर सांगून टाकतो. बाबांनी त्यावरून नियमच केला होता, की उघड्या खुर्चीवर बोललेलं खुर्चीच्या आत राहतं. कापड ठोकून झालं की विषय मिटला. ज्याचा विषय त्यानेच पुन्हा काढला तर बोलायचं, दुसऱ्या कोणाजवळ तर नाहीच.

या नियमाचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला झाला असेल तर दादाला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो नापास झाला होता आणि पुढे कितीतरी महिने रोज डबा घेऊन, कॉलेजला जातो म्हणून सांगून, नदीवर जाऊन बसत होता. एका आरामखुर्चीचं कापड धरून त्याने ते बाबांना सांगितलं. मी शाळकरी, शेजारी बसून खिळे देत होते. बाबा एवढंच म्हणाले, पुन्हा बस परीक्षेला. आई गेली ती आपला मुलगा पहिल्या झटक्यात पास झाला असं समजून. वहिनीलाही हे माहीत नव्हतं. आता मी ते इथे सांगते आहे हे नियमात बसत नाही, पण नियम मोडणाऱ्यांत मी पहिली नाही.

पोरांना हा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवेपर्यंत गप्प बसायचं, हे माझं काम. विश्वास बसायला फार वेळ लागतो. ज्यांना आजवर प्रत्येकाने फसवलंय त्यांना नियम म्हटलं की हसूच येतं.

त्या पोरांत एक वकील होता. वकील हे नाव त्याच्या तोंडामुळे पडलं. काहीही सांगा, त्याचा पहिला शब्द ‘पण’. झाडू मार म्हटलं तर काल कोणी मारला होता आणि परवा कोणाची पाळी होती याचा आधी निवाडा व्हायचा. मिसरूड फुटलेलं, हाताने चलाख, आणि खोटं बोलायला गेला की कान लाल व्हायचे. त्याचा थोरला भाऊही पूर्वी आमच्याकडे होता. अंगाने बारीक म्हणून त्याला सुतळी म्हणायचे. स्प्रिंगा बांधायला सुतळीसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. पण त्याला झटपट पैसे हवे होते, आणि तो ज्यांच्याकडे गेला ते झटपट देणारे होते.

त्या दिवशी बाकीची पोरं टेम्पोबरोबर माल पोचवायला गेली होती. एक मोठा तीन बैठकीचा सोफा भरून उघडा पडला होता, जाड कापडाचा. त्याला दोन माणसं पुरत नाहीत. मी दादाला हाक मारली. त्याने घड्याळ काढून ठेवलं, बाह्या दुमडल्या. मी त्याला म्हटलं, बाबा असते तर आज पेढे वाटले असते. एका टोकाला वकील, मध्ये दादा, मागून ठोकायला मी. एक कड ठोकून झाली. मग वकील मान वर न करता म्हणाला,

“मावशी, सुतळी पुढच्या आठवड्यात काहीतरी करणार आहे.”

मी ठोकत राहिले. थांबलं की बोलणारा थांबतो. हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजारामागे विजेच्या सामानाचं गोदाम आहे, ते फोडायचं ठरलं होतं. बाजाराजवळच्याच एका खोलीत हत्यारं आणून ठेवली होती. वकिलाने कोपऱ्यावर उभं राहून नजर ठेवावी असं सुतळीचं म्हणणं होतं, आणि याने अजून हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचीही हिंमत होत नव्हती. पोलिसांत जायचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या आईने एकटीने दोघांना वाढवलेलं, भावाने भावाला धरून दिलं असतं तर तिने याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्याला एवढंच हवं होतं, सुतळीला कोणीतरी थांबवावं.

मी म्हटलं, “रविवारी तो घरी असतो ना? मी येते. स्प्रिंगांसाठी मला माणूस हवाच आहे. पूर्ण पगारावर घेते त्याला. माझं तो ऐकतो.”

“पण नाही ऐकलं तर?”

“तर तुझ्या आईसमोर सगळं बोलेन. तिच्यासमोर तो नाही म्हणणार नाही.”

वकिलाला हे पटलं. त्याच्या पुढच्या प्रश्नात ‘पण’ नव्हता, त्यावरून मला कळलं. दादा मध्ये कापड धरून उभा होता. तो फक्त म्हणाला, तुझी बाजू सैल पडतेय, नीट ओढ. सोफा झाला, आम्ही हात धुतले आणि विषय मिटला.

शुक्रवारी पोलिसांनी त्या खोलीवर धाड घातली. सुतळी आणि त्याचे सोबती हत्यारांसकट सापडले, चोरीच्या तयारीत असताना.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला आले तर वकील पायरीवर बसलेला. रात्रभर घरात काय झालं असेल ते त्याच्या तोंडावर होतं. आईने त्याला एकच गोष्ट विचारली होती, तुला माहीत होतं का? त्याचे कान लाल झाले आणि तिला उत्तर मिळालं. माहीत होतं, मग सांगितलंही तूच. तिने त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं होतं.

तो आत आला, तेवढ्यात दादाही आला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून थर्मासमधला चहा ओतायला लागला. वकील माझ्याकडे बघून म्हणाला,

“मावशी, मी ते फक्त इथे बोललो होतो.”

माझं डोकं फिरलं. आता आठवलं की लाज वाटते, पण खरंच फिरलं. मी त्याला फाडफाड बोलले. म्हटलं, माझ्या बापाच्या वेळेपासून या खोलीतून एक शब्द बाहेर गेलेला नाही, त्या खोलीत हत्यारं नेताना दहा जणांनी पाहिलं असेल, त्या टोळक्यातलाच कोणी फुटला असेल, आणि तू माझ्यावर संशय घेतोस? तो म्हणाला, संशय नाही, विचारतोय. मी म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ, इथून गेलेलं नाही. हवं तर तुझ्या आईला जाऊन सांग की मावशीने शपथ घेतली आहे.

मी दादाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला विचारावं असं मनातच आलं नाही. तो चहात साखर ढवळत होता, आणि दादा साखर घेत नाही.

वकिलाने आईला माझी शपथ सांगितली. बाई मला ओळखत होती, सुतळी आमच्याकडे असताना एकदोनदा येऊन गेली होती. तिने बराच विचार केला आणि मग वकिलाचं ताट वाढलं. मावशी म्हणतात तर नसेल, एवढंच म्हणाली. तो कामावर येत राहिला. संध्याकाळी आईबरोबर सुतळीला भेटायला जायचा, वकिलाच्या शोधात हिंडायचा, खऱ्या वकिलाच्या. मी थोडे पैसे दिले, ओळखीच्या एकाकडे शब्द टाकला. माझ्या एका शब्दावर तो त्या घरात जेवत होता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

मग निधीचा वार्षिक मेळावा आला. त्या दिवशी पुढच्या वर्षी कोणाला पैसे मिळणार ते जाहीर व्हायचं. मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, स्टेजवर समिती. दादाने सगळ्या पोरांना स्वच्छ शर्ट घालून यायला बजावलं होतं. तो स्वतः नवा सदरा घालून आला होता. मी त्याची चेष्टा केली, नवरदेव दिसतोस. त्याला हसू आलं नाही.

कोचने कप दाखवले. नाटकवाल्यांनी रडवलं. मग दादा माइकसमोर गेला. वकील माझ्या शेजारी बसला होता आणि पुढच्या रांगेतला माणूस किती वेळा जांभई देतो ते मला कुजबुजून सांगत होता.

दादाने सुरुवातीलाच माझंच वाक्य घेतलं. म्हणाला, आम्हाला नेहमी विचारतात की न झालेली चोरी दाखवा. यंदा आम्ही ती दाखवू शकतो. आमच्या कारखान्यातल्या एका मुलाने विश्वासाने आमच्याजवळ मन मोकळं केलं. बाजारामागचं गोदाम फोडायचं ठरलं होतं, त्यात त्याचा सख्खा भाऊ होता. आम्ही ती माहिती वेळेवर योग्य ठिकाणी पोचवली. गोदामाचा वयस्कर राखणदार आज सुखरूप आहे, लाखोंचा माल सुखरूप आहे. हा विश्वास पैशाने विकत मिळत नाही, पण तो निर्माण करायला पैसा लागतो.

चांगलं भाषण होतं. दादाने इतकं चांगलं भाषण जन्मात केलं नव्हतं. इन्स्पेक्टर मान डोलावत होते.

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात तसं काही झालं नाही. मी खुर्चीवर तशीच घट्ट बसलेली होते आणि मला सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. वकील दादाकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ते वाक्य माझ्याच कानाला असं लागलं की आजवर पकडले गेलेले सगळेच हेच बोलत असतील.

तो उठला आणि दोन रांगांमधून दाराकडे चालायला लागला. तेवढ्यात अध्यक्षबाई माइक ओढून म्हणाल्या, तो मुलगा इथे आला आहे का? असेल तर आपण त्याचं कौतुक करायला हवं. सुतळी कोणाचा भाऊ ते आमच्या पोरांना माहीत होतं, त्यांनी नकळत वकिलाकडे पाहिलं. ती पाहतात म्हणून सगळ्या हॉलने पाहिलं. आणि दाराकडे चाललेल्या त्या पोराच्या पाठीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निधी आम्हाला मिळाला. वाढवून मिळाला.

घरी आल्यावर मी तोंड उघडलं. आम्ही एकाच घरात राहतो, ते दोघं वर, मी खाली. वहिनी पानं घेत होती, आज दादाच्या आवडीचं केलं होतं तिने. मी पानावर बसले नाही. उभीच राहिले आणि म्हटलं, परक्याने केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते, पण तू केसाने गळा कापलास, आणि तोही मला खोटी शपथ घेऊ देऊन. त्या दिवशी मी पोराला ओरडत होते तेव्हा तू तिथेच बसला होतास. तेव्हा तरी बोलायचंस.

दादा म्हणाला, तेव्हा बोललो असतो तर तू मला हातोडी मारली असतीस. ते खरं होतं.

मग त्याने त्याची बाजू मांडली, आणि ती अगदीच लंगडी नव्हती. गोदामाचा राखणदार म्हातारा आहे. त्याच्या डोक्यात पहार बसली असती तर आपण दोघं आयुष्यभर काय सांगत फिरलो असतो, नियम होता म्हणून गप्प बसलो? मी म्हटलं, तुझी परीक्षेची गोष्ट बाबांनी कोणाला सांगितली होती? वहिनीचा हात वाढता वाढता थांबला. तिने एकदा दादाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. दादाचं तोंड पडलं. पण तो म्हणाला, मी नापास झालो म्हणून कोणाचं डोकं फुटणार नव्हतं. याही वाक्यात खोट काढता आली नाही मला.

“पण रविवार होता,” मी म्हटलं. “रविवारी मी जाणार होते. तू ऐकलं होतंस. ते पुढच्या आठवड्यात करणार होते, म्हणजे मध्ये रविवार येत होता. दोन दिवस थांबला असतास, मला जमलं नसतं, तर सोमवारी गेला असतास पोलिसांत. मीच आले असते तुझ्याबरोबर.”

“सुतळीने ऐकलं असतं असं वाटतं तुला?”

“ऐकलं असतं.”

दादाने चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. दमलेला दिसत होता. लबाड दिसत नव्हता, हेच मला सहन झालं नाही.

“बरं, समज ऐकलं असतं. सोमवारी आला असता कामावर, बसला असता स्प्रिंगा बांधत. मग मी समितीला काय दाखवलं असतं?”

 आपण काय बोलून गेलो ते त्यालाही उमगलं असावं, कारण तो घाईघाईने पुढे बोलायला लागला. निधी आपल्याला बंदच होणार होता. इन्स्पेक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काहीतरी ठोस आणा. त्याने ठोस आणलं. आता पुढचं वर्ष पक्कं झालं, शेड राहिली, मशिनं राहिली.

“एकासाठी सगळं बुडवायचं का?” तो म्हणाला. “बाकीच्या पोरांचं काय?”

मी खाली निघून आले. मागे वहिनी त्याला काहीतरी विचारत होती, फार हळू आवाजात. मला तिची दया आली आणि दादाची आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वकिलाच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. मेळाव्यातली बातमी आमच्या पोरांकडून रात्रीच तिथे पोचली होती. दार त्याच्या आईने उघडलं आणि ती दारातच उभी राहिली, मला आत या म्हणाली नाही. मी पाठ करून गेले होते. म्हटलं, तुमच्या या मुलाने कोणालाही धरून दिलेलं नाही. त्याने भावाला वाचवायला मला सांगितलं, आणि माझ्या भावाने ते पोलिसांना सांगितलं. शपथ मी घेतली होती, ती खोटी ठरली. काय बोलायचं ते मला बोला, त्याला ताट वाढा.

“सख्खा भाऊ?” तिने विचारलं.

“सख्खा.”

“काल घरी जेवला का तो?”

मी हो म्हटलं. जेवला असणार.

ती म्हणाली, “माझा एक आत आहे. दुसरा समोर बसला की मला तो आतला दिसतो. तुम्ही मोठ्या मनाने आलात, पण माझ्या घशाखाली उतरत नाही.” आवाज चढवला नाही तिने. मी तिच्या जागी असते तर जिना डोक्यावर घेतला असता.

वकील जिन्यात बसला होता, दोन मजले खाली. वर जाताना मला दिसला नव्हता, किंवा त्याने दिसू दिलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकले. अंगात कालचाच स्वच्छ शर्ट होता. रात्री कुठे होतास म्हणून विचारलं तर म्हणाला, मित्राकडे.

“तुम्हाला माहीत नव्हतं,” तो आपणहून म्हणाला. “मी विचार केला. माहीत असतं तर तुम्ही त्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसला नसतात.”

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं सुटले. पोरगं शहाणं आहे, तर्काने चालतं, याला समजलं म्हणजे हळूहळू त्याच्या आईलाही समजेल. मी म्हटलं, मग उद्यापासून ये. राहायचं असेल तर माझ्याकडे राहा. सुतळीसाठी चांगला वकील मी बघते, पैसे माझे.

“पण काका असणार?”

“कुठे?”

“कारखान्यात. उद्या काका असणार का?”

दादाला मी रात्री नको नको ते बोलले होते. त्याचं तोंड बघणार नाही असंही बोलले होते. पण तो उद्यापासून कारखान्यात येणार नाही, किल्ली परत देईल, हे काही माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं. निधी त्याच्या नावाने चालतो. समिती त्याला ओळखते. तो गेला तर शेड जाईल, हातखर्च जाईल, आणि नवीन आलेली ती दोघं, त्यांनी तर अजून एक सोफा नीट उसवलेला नाही, ती सरळ कोपऱ्यावर जाऊन उभी राहतील. हे सगळं एका क्षणात माझ्या मनात आलं. वकील वाट बघत होता. घाई करत नव्हता.

“अरे, पण मग,” मी म्हटलं, “बाकीच्या पोरांचं काय?”

बोलल्यावर मला कळलं की हे वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं.

वकिलाने मान हलवली. पहिल्यांदाच त्याने माझ्याशी वाद घातला नाही. बरोबर आहे तुमचं, म्हणाला. मग उठून त्याने मला हात दिला, जिना अरुंद होता आणि माझे गुडघे दुखतात हे त्याला माहीत होतं. खालच्या दारापर्यंत तो मला सोडायला आला, आणि मी रस्त्याला लागल्यावर परत वर न जाता दुसऱ्या बाजूला चालू लागला.